चांदी आम्लाला दाद देत नाही

सासऱ्यांचं काळं पडलेलं पदक आपण घासूनपुसून लख्ख करावं, असं मी एका शनिवारी दुपारी ठरवलं. यात माझं नेमकं काय चुकलं, हे मला अजून कोणीही पटवून देऊ शकलेलं नाही. बायकोने प्रयत्न केला. मेव्हणीने फोनवरून प्रयत्न केला, तोही तिच्याच पैशांनी. पण मी माझ्या मुद्द्यावर ठाम आहे. माझं रसायनशास्त्र बरोबर होतं. पदक चुकीचं होतं.

माझे सासरे म्हणजे सर. जन्मभर त्यांनी शाळेत रसायनशास्त्र शिकवलं आणि अख्खी शाळा त्यांना सर म्हणायची, म्हणून मीही सरच म्हणतो. लग्नाची बोलणी करायला गेलो, तेव्हा त्यांनी माझा पगार विचारला नाही. पाण्याचं रेणुसूत्र विचारलं. मी पाणीपुरवठा खात्यात कारकून, त्यामुळे हे मला यायला हवं, असं त्यांना वाटलं असावं. (आमच्या खात्यात पाण्याचं सूत्र कोणी विचारत नाही. पाणी कधी येणार ते विचारतात, आणि तेही मला सांगता येत नाही.) मी गप्प बसलो. तरी त्यांनी मुलगी दिली, यावरून त्यांचं मन किती मोठं आहे ते कळावं.

पण त्या दिवसापासून एक गोष्ट माझ्या मनात घर करून बसली. सरांनी मला एकदा, फक्त एकदा, 'शाब्बास' म्हणावं. वर्षं गेली, डोक्यावरचे केस गेले, शाब्बासकी काही आली नाही.

आणि आता ते आठवडाभर आमच्याकडे राहायला आले होते. त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी मिळून रविवारी त्यांचा सत्कार ठेवला होता. हॉल आमच्या घरापासून जवळ, म्हणून मुक्काम आमच्याकडे. पाहुणे आले की लोक घर बघतात, पडदे बघतात. सर अभिक्रिया बघतात.

आल्या आल्या फाटकापाशीच थांबले.

"जावईबापू, हा गंज म्हणजे काय?"

"दुर्लक्ष," बायको आतून म्हणाली.

"संयोग," सर म्हणाले. "लोखंड, ओल आणि ऑक्सिजन एकत्र आले आणि तिघांचा मिळून नवा पदार्थ झाला. संयोग अभिक्रिया."

मग चहाच्या किटलीत डोकावले. आत पांढरा थर होता. पाण्यातला क्षार उष्णतेने फुटतो आणि चुना तळाशी बसतो, हे अपघटन, असं त्यांनी सांगितलं. मी म्हटलं, "सर, आमच्याच खात्याचं पाणी आहे." ते म्हणाले, "तरीच."

दुसऱ्या दिवशी मला पित्त झालं. (कारण उघड आहे.) बायकोने ग्लासात सोडा घालून दिला. मी तो पीत असताना सर समोर बसून माझ्या पोटाकडे मोठ्या कौतुकाने बघत होते. "आता आत दुहेरी विस्थापन चाललंय. दोन पदार्थ आपापले जोडीदार बदलतायत. वायू बाहेर पडेल." वायू बाहेर पडला. सर म्हणाले, "बघा." इतक्या वर्षांत त्यांना माझ्याकडून मिळालेलं ते पहिलं बरोबर उत्तर होतं, पण ते माझ्या पोटाने दिलं होतं, म्हणून त्याचे गुण मला मिळाले नाहीत.

शुक्रवारी सकाळी मात्र त्यांनी मला धातूंची रांग समजावून सांगितली, आणि ती मला एका फटक्यात कळली. रांगेचा मला अनुभव आहे. पुढे उभे असलेले धातू, म्हणजे जस्त, लोखंड वगैरे मंडळी, आम्ल दिसलं की अंगावर धावून जातात. तिथल्या हायड्रोजनला हाकलतात आणि त्याच्या जागेवर स्वतः बसतात. (आमच्या ऑफिसात याला बढती म्हणतात. सर विस्थापन म्हणतात.) मागे उभे असलेले तांबं, चांदी, सोनं मात्र ढिम्म. "घरातलं साधं आम्ल असेल तर चांदी त्याला दाद देत नाही," सर म्हणाले. हे वाक्य त्यांचं आहे. माझं नाही. सगळ्यांनी कृपया लक्षात ठेवावं.

आता पदकाकडे वळतो.

सर निवृत्त झाले तेव्हा शाळेच्या संस्थेने त्यांना चांदीचं पदक दिलं होतं. तळहाताएवढं, निळ्या फितीला लावलेलं, मखमली डबीत ठेवलेलं. विद्यार्थ्यांचा आग्रह होता की सत्काराला सरांनी ते गळ्यात घालून यावं. बायकोने डबी उघडली आणि तिचं तोंड उतरलं. पदक तव्यासारखं काळं पडलं होतं.

"बाबा, सराफाकडून पॉलिश करून आणू का?"

"नको," सर म्हणाले. "राहू दे तसंच. काळं पडणं हाही गुणधर्मच आहे." आणि त्यांनी डबी मिटली.

मला वाटलं, साधेपणा. थोर माणसं असंच बोलतात आणि त्यांच्या घरच्यांनी ते ऐकायचं नसतं. शनिवारी दुपारी सर जेवून आडवे झाले. बायको त्यांचा कोट आणायला इस्त्रीवाल्याकडे गेली. घरात मी, पदक आणि शाब्बास मिळवायची ही शेवटची संधी, एवढेच जागे होतो.

आधी टूथपेस्ट लावून पाहिली. पदकाला छान वास आला, रंग तोच राहिला. मग लिंबू चोळलं. मग बायकोचा भांडी घासायचा स्पंज. (तो काळा झाला, तो विषय वेगळा.) तेवढ्यात मला धातूंची रांग आठवली. बाथरूममध्ये फरशी धुवायच्या ॲसिडची बाटली होती. ॲसिड म्हणजे आम्ल. पदक म्हणजे चांदी. चांदी आम्लाला दाद देत नाही. म्हणजे मळ जाणार आणि चांदी राहणार. इतका सरळ विचार मी नोकरीत कधी केला असता तर आज साहेब झालो असतो.

बाटलीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'जुनाट डाग हटवते.' खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'धातूच्या वस्तूंवर वापरू नये.' बारीक अक्षरांतलं वाचायचं नसतं, हे मी नोकरीत शिकलोय. (ते लिहायचं काम आमच्याचकडे असतं.) मी काचेच्या बरणीतली बिस्किटं ताटलीत काढली, बाथरूमची खिडकी उघडली, फीत सोडवून पदक बरणीत ठेवलं आणि वरून बाटली ओतली.

काय सांगू. पदकाच्या कडेने बुडबुड्यांची रांगच लागली. मला भरून आलं. वर्षानुवर्षांचा मळ डोळ्यांदेखत निघत होता. चांगलं मुरू द्यावं म्हणून मी चहा टाकला, वर्तमानपत्र घेऊन खुर्चीत बसलो, आणि मोकळी झालेली बिस्किटं मऊ पडू नयेत म्हणून ती संपवली. जरा डोळाही लागला असेल.

बायकोच्या आवाजाने जाग आली. ती हातात कोट घेऊन बाथरूमच्या दारात उभी होती.

"अहो, हे काय आहे?"

"पदक," मी बसल्या जागेवरून अभिमानाने म्हणालो.

"कुठे?"

"बरणीत."

"बरणीत बटाट्याच्या सालीसारखं काहीतरी तरंगतंय. पदक दिसत नाही मला."

मी जाऊन पाहिलं. मलाही दिसेना. पण पडलो तरी नाक वर, हा आमच्या घराण्याचा बाणा आहे.

"दिसत नाही म्हणजे नाही, असं होत नाही," मी म्हणालो. "चहात साखर दिसते का? म्हणून काय ती नसते?"

"तुम्ही बाबांचं पदक ॲसिडमध्ये टाकलंत?"

"चांदी आम्लाला दाद देत नाही. तुझ्याच वडिलांनी सांगितलंय. उठले की विचार त्यांना."

"मग ही दाद कोणी दिली?"

बायको शेवटी सरांची मुलगी. बरणीकडे बघता बघता तिच्या चेहऱ्यावरचा राग उतरला आणि तिथे दुसरंच काहीतरी आलं. ती बादली पालथी घालून तिच्यावर बसली.

"चांदी नव्हतीच ती," ती हळूच म्हणाली. "वर नुसता मुलामा होता. ही साल म्हणजे तोच. आत भलतंच काहीतरी होतं."

मला आधी बरं वाटलं, कारण मी निर्दोष ठरलो होतो. मग मला वाईट वाटलं. आणि मग भयंकर राग आला. एका माणसाने जन्मभर खडूची धूळ खाल्ली, पोरांच्या परीक्षा असताना स्वतःच्या तापाकडे पाहिलं नाही, आणि निरोपाला त्याच्या गळ्यात संस्थेने खोटं पदक घातलं. आणि त्याने ते मखमलीत जपून ठेवलं. पदक गेल्याचं सरांना सांगायचं, तर ते का गेलं हेही सांगावं लागणार होतं.

"सरांना हे कळता कामा नये," मी म्हणालो. "पदक माझ्या हातून हरवलं, असं मी सांगतो."

"ते तुम्हाला जन्मभर बोलतील."

"बोलू देत. तसेही बोलतातच."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. लग्नात अंतरपाट दूर झाल्यावर पाहिलं होतं, त्यापेक्षा हे बघणं बरंच बरं होतं.

तेवढ्यात पलंग करकरला आणि सर बाहेर आले. मी त्यांना बाहेरच्या खोलीतच गाठलं आणि छातीचा कोट करून सांगून टाकलं.

"सर, तुमचं पदक हरवलं. माझ्या हातून."

"कुठे?"

"बाथरूममध्ये." (खोटं बोलायला मला आधी कच्चा मसुदा लागतो. तो केलेला नव्हता.)

"बाथरूममध्ये कसं हरवेल?"

"कावळ्याने नेलं."

"बाथरूममध्ये कावळा कसा आला?"

"खिडकी उघडी होती, सर."

"खिडकी का उघडली होती?"

"वास जावा म्हणून."

"कसला?"

सरांनी नाक वर करून एकदा हुंगलं, चष्मा लावला आणि सरळ बाथरूममध्ये गेले. मी मागोमाग. बायको बादलीवरून उठली आणि बरणीच्या पुढे उभी राहिली, पण आयुष्यभर पोरांनी पाठीमागे लपवलेलं हुडकून काढणाऱ्या माणसापुढे तिचं काय चालणार? त्यांनी तिला हळूच बाजूला केलं आणि वाकून बघू लागले. आता त्यांना धक्का बसणार, म्हणून मी आधारासाठी हात पुढे करून ठेवले.

"बुडबुडे अजून येतायत," सर म्हणाले. "काडेपेटी आणा."

"बाबा?"

"आणा तर."

काडेपेटी आणली. त्यांनी काडी ओढून बरणीच्या तोंडापाशी धरली. फट् असा आवाज झाला. मी टॉवेलमागे गेलो.

"हायड्रोजन," सर समाधानाने म्हणाले. "हे ज्वलन. आणि आत जे झालं ते विस्थापन. जस्ताने आम्लातल्या हायड्रोजनची जागा घेतली. घाबरू नका, आटोपत आलंय."

"जस्त?" बायको म्हणाली. "बाबा, तुम्हाला माहीत होतं?"

"मिळालं त्याच दिवशी," सर म्हणाले. "हातात घेतल्यावरच हलकं लागलं. घरी येऊन घनता काढली. चांदीच्या जवळपासही नव्हती. पॉलिश नको म्हणालो ते उगाच का? मुलामा उडाला असता."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

सर बरणीकडेच बघत होते. "तुझी आई. ती इतकी खूश झाली होती. येईल त्याला डबी उघडून दाखवायची. शेजारीण आली की दाखवायची, दूधवाल्याला दाखवायची. तिच्यापुढे मी घनता काढून दाखवायची होती का?"

बायकोने डोळ्यांना कोट लावला. (तो पुन्हा इस्त्रीला द्यावा लागला.)

मग सरांनी सोडा मागवला आणि उरलेलं आम्ल मारायला चमचा चमचा बरणीत टाकला. द्रावण फसफसलं आणि दुधासारखं पांढरं झालं. "अवक्षेप. दुहेरी विस्थापन," असं ते स्वतःशीच म्हणाले. नंतर त्यांनी माझ्याकडे मोहरा वळवला.

"कावळ्याचं काय प्रकरण होतं?"

"तुम्हाला कळू नये म्हणून ते सगळं स्वतःवर घेणार होते," बायको म्हणाली.

सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. आता येणार, मला वाटलं.

"तळहाताएवढं पदक कावळ्याच्या चोचीत मावत नाही," ते म्हणाले. "उद्या ही बरणी बरोबर घ्या."

"हॉलवर?" आम्ही दोघं एकदम म्हणालो.

"ती होती तोवर झाकली मूठ होती. आता कोणासाठी झाकायची?"

मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. हा माणूस माझ्यापेक्षा हट्टी निघाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला ते अगदी आमच्या घराण्यातले वाटले.

रविवारी हॉल गच्च भरला होता. सगळे जुने विद्यार्थी, कोणाला टक्कल, कोणाला पोट, पण सर आत येताच सगळे शाळेतल्यासारखे ताड्कन उठले. कार्यक्रमाचे सूत्रधार एक दातांचे डॉक्टर होते. त्यांनी मला आपल्या शेजारी पहिल्या रांगेत बसवलं. मंचावर सरांच्या बाजूच्या खुर्चीत संस्थेचे अध्यक्ष होते. पदक त्यांच्याच हातून दिलं गेलं होतं, आणि या गोष्टीचा उल्लेख त्यांनी भाषणात स्वतःच केला. शेवटी ते म्हणाले की, सरांनी ते रौप्यपदक आज सर्वांना दाखवावं.

सर उठले. पिशवीतून बिस्किटांची बरणी काढून त्यांनी टेबलावर ठेवली.

"हे ते पदक," ते म्हणाले.

हॉलमध्ये चुळबुळ झाली. अध्यक्ष बरणीत डोकावले. "सर, ते तर चांदीचं होतं."

"वर चांदीचा मुलामा होता. आत जस्त. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तेव्हा बोललो नाही, कारण घरात एक माणूस त्या पदकाने आनंदात होतं. आज ते माणूस नाही, म्हणून बोलतो." सरांचा आवाज जरासुद्धा चढला नव्हता. "तुम्हा पोरांना मी आयुष्यभर एकच सांगितलं. वरच्या लेबलावर जाऊ नका, पदार्थाची परीक्षा करा. या पदार्थाची परीक्षा माझ्या जावयांनी आम्लात टाकून केली. जावईबापू, उभे राहा."

मी उभा राहिलो. शेकडो माना माझ्याकडे वळल्या. बायको तिच्या खुर्चीत ताठ बसली होती.

"सांगा सगळ्यांना. काल आपल्या घरी जे घडलं, त्याला काय म्हणतात?"

आता हे उत्तर मला येत होतं. शपथेवर सांगतो, येत होतं. कालच बाथरूममध्ये सरांनी ते माझ्यासमोर सांगितलं होतं. पण माझी नजर अध्यक्षांवर गेली. ते पुष्पगुच्छातली पाकळी खुडत, काही झालंच नाही अशा चेहऱ्याने बसले होते. माझं डोकं सणकलं. दूधवाल्याला डबी उघडून दाखवणाऱ्या सासूबाई डोळ्यांसमोर आल्या. ऑफिसात मी साहेबांपुढे कधी तोंड वर केलेलं नाही, पण तिथे भर सभेत मंचाकडे बोट रोखलं आणि खणखणीत आवाजात म्हणालो,

"फसवणूक, सर."

टाळ्यांचा असा कडकडाट झाला की विचारू नका. मागच्या रांगेतून कोणीतरी शिटी वाजवली. अध्यक्षांनी पुष्पगुच्छ तोंडासमोर धरला. बायको टाळ्या वाजवत होती आणि रडतही होती. मी मंचावर सरांकडे पाहिलं. त्यांचे डोळे ओले होते. टाळ्या थांबायची ते वाट बघत होते. मीही बघत होतो. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली, ते आता सगळ्यांसमोर मिळणार होतं.

टाळ्या थांबल्या. सरांनी चष्मा पुसून पुन्हा लावला.

"चूक," ते म्हणाले. "मुलांनो?"

"विस्थापन," अख्खा हॉल एका सुरात म्हणाला.

मी खाली बसायला लागलो, तर दातांच्या डॉक्टरांनी माझा शर्ट धरला. "बसू नका," ते दबक्या आवाजात म्हणाले. "सरांच्या वर्गात उत्तर चुकलं की तास संपेपर्यंत उभं राहायचं."

त्यानंतर चार भाषणं झाली, मानपत्र वाचलं गेलं, चहा फिरला. (बसलेल्यांना दिला.) शेवटी डॉक्टर आभार मानायला मंचावर गेले. ज्यांच्या धाडसामुळे आज सत्य बाहेर आलं, त्या सरांच्या जावयांनी कृपया जागेवर उभं राहून सर्वांचे आभार स्वीकारावेत, अशी त्यांनी मला जाहीर विनंती केली.

मी उभाच होतो.